स्प्रिंगांतून येणारा सूर : स्टील गिटारच्या अँपमधला रिव्हर्ब आणि त्याचे बिघाड

स्टील गिटारच्या अँप्लिफायरमधला रिव्हर्ब म्हणजे पत्र्याच्या एका लांबट पेटीत बसवलेल्या दोन किंवा तीन स्प्रिंगा. वाद्याचा सूर स्पीकरकडे जाता जाता त्यातला थोडा अंश या पेटीकडे वळवला जातो. स्प्रिंगांमधून पलीकडे पोचलेला हा अंश किंचित उशिराने मूळ सुरात परत मिसळतो आणि विरत जातो. ऐकणाऱ्याला वाटते, वादक मोठ्या दालनात बसला आहे. ही व्यवस्था बिघडली तरी अँप बंद पडत नाही. तो वाजतच राहतो. पण सूर कोरडा पडतो, किंवा पाठीमागे सतत घूं असा आवाज धरतो, किंवा आवाज वाढवला की पेटी आपणहून घुमू लागते. मग आधी व्हॉल्व्ह बदलून पाहिले जातात, नंतर पेटी, नंतर कॅपॅसिटर, आणि शेवटी दोष निघतो पायाच्या स्विचच्या वायरीत. अशा दुरुस्त्या महाग पडतात त्या दोष अवघड असतो म्हणून नव्हे. दोष वाटेच्या कोणत्या टप्प्यात आहे हे न ठरवताच सुटे भाग बदलायला घेतले जातात, म्हणून.

स्टील गिटार आडवी ठेवून वाजवतात. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रूढ झाली आणि तिचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू या वादकाला दिले जाते. भारतात हे वाद्य हवाईयन गिटार म्हणून पोचले. १९४०च्या दशकात तौ मो हा हवाईचा वादक कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होता. पुढे व्हॅन शिप्ले, हजारा सिंग आणि सुनील गांगुली यांच्या तबकड्यांमुळे हिंदी चित्रपटगीतांच्या गिटारवरच्या सुरावटी मराठी घरांतही पोचल्या. अमेरिकेत या वाद्याला पेडल आणि गुडघ्याने हलवायचे दांडे जोडले गेले. १९५४ साली वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने वाजवलेली पेडल स्टील गाजली आणि नॅशव्हिलच्या कंट्री संगीतात हे वाद्य कायमचे रुजले. विजेवरची गिटार म्हणून जी पहिल्यांदा बाजारात आली तीही मांडीवर ठेवून वाजवायची स्टीलच होती. रिकनबॅकरने ती १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला काढली. लिओ फेंडरच्या कारखान्याचे पहिले काम लॅप स्टील आणि तिच्यासोबतचा छोटा अँप हेच. गिटारचा अँप स्टीलवाल्यांनी दुसऱ्यांकडून उसना घेतलेला नाही. तो त्यांच्याचसाठी प्रथम घडला.

तरीही स्टीलवाल्याची अँपकडून असलेली अपेक्षा रॉकवाल्या गिटारिस्टपेक्षा अगदी वेगळी असते. त्याला आवाज फाटलेला चालत नाही. खर्जापासून टिपेपर्यंत सूर स्वच्छ हवा, म्हणून ताकद भरपूर लागते. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा, बारा इंची दोन स्पीकरांचा. मिसिसिपीतल्या मेरिडियनच्या पीव्ही कंपनीचे सेशन ४०० आणि नॅशव्हिल ४०० हे ट्रान्झिस्टरवरचे अँप २०० वॉटच्या आसपासचे, पंधरा इंची एकाच स्पीकरचे. सूर इतका स्वच्छ असला की रिव्हर्बमधली बारीकशी खरखरही लपत नाही. दुसरा फरक पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलचा. तार छेडताना वादक पेडल अर्धवट ठेवतो आणि सूर विरू लागला की हळूहळू उघडत नेतो. त्यामुळे छेडण्याचा टणत्कार स्प्रिंगांवर कमी आदळतो आणि लांबलेला सूर अधिक पोचतो. हे पेडल गिटार आणि अँप यांच्या मध्ये असल्यामुळे बिघाड शोधताना आयतेच उपयोगी पडते. टाच दाबून पेडल पूर्ण बंद केले आणि तरीही घूं आवाज कायम राहिला, तर गिटार, तिचा पिकअप आणि गिटारपासून पेडलपर्यंतची वायर यांची सुटका झाली. पेडल ते अँप ही एक वायर बदलून पाहिली की उरतो तो अँप.

स्प्रिंगचा हा उपयोग मुळात संगीतासाठी शोधलेला नाही. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर आवाज उशिरा पोचतो. तो उशीर प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवण्यासाठी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये स्प्रिंग वापरली गेली. हॅमंड ऑर्गनचा निर्माता लॉरेन्स हॅमंड याला वेगळीच अडचण होती. चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन गालिचे-पडद्यांच्या दिवाणखान्यात कोरडा वाजे. त्याने स्प्रिंगची कल्पना उचलून ऑर्गनमध्ये बसवली. सुरुवातीच्या यंत्रणेत स्प्रिंगा तेलाच्या नळ्यांत बुडवलेल्या असत. उंचीने मोठ्या आणि हलवायला नकोशा. १९६०च्या सुमारास हॅमंडने आडवी, चपटी, तेलाविना चालणारी पेटी तयार केली. ‘टाइप ४’ या नावाने ओळखली जाणारी तीच पेटी आजही अनेक अँपमध्ये दिसते. फेंडरने ती घेऊन १९६१ साली स्वतंत्र रिव्हर्ब यंत्र काढले आणि १९६३ साली व्हायब्रोव्हर्ब या अँपमध्ये रिव्हर्ब आतच बसवला. ट्विन रिव्हर्ब त्याच्या पाठोपाठ आला. पेट्या बनवणारा हॅमंडचा विभाग पुढे अ‍ॅक्युट्रॉनिक्स या नावाने ओळखला गेला आणि २००९ साली कोरियाच्या बेल्टन कंपनीकडे गेला.

पेटी उघडून पाहिल्याशिवाय तिचे दुखणे कळत नाही. टाइप ४ साधारण पावणेसतरा इंच लांब असतो. पत्र्याचे बाहेरचे कवच, त्यात चार बारीक स्प्रिंगांवर लटकवलेली अॅल्युमिनियमची दुसरी पन्हळ, आणि त्या पन्हळीत आवाज वाहून नेणाऱ्या मुख्य स्प्रिंगा. दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्यांचा एकेक छोटा गाभा असून त्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. गाभ्याच्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढा लोहचुंबक स्प्रिंगच्या टोकाला जोडलेला असतो. गुंडाळीतून सुराचा प्रवाह गेला की चुंबक किंचित पीळ खातो, तो पीळ स्प्रिंगमधून पुढे सरकतो, पलीकडचा चुंबक तसाच हलतो आणि तिकडच्या गुंडाळीत काही मिलिव्होल्टचा विजेचा सूर परत उमटतो. स्प्रिंग इथे लांबीने ताणली-आखडली जात नाही; ती पिळली जाते. दोन स्प्रिंगांना हा प्रवास करायला सुमारे ३३ आणि ४१ मिलिसेकंद लागतात. वेळा मुद्दाम वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे परतणारे प्रतिध्वनी एकमेकांवर बसत नाहीत आणि एकाच ठोक्याची टकटक ऐकू येत नाही. सुटी पेटी प्रकाशात तिरकी धरली की गुंडाळीपासून जॅकपर्यंत गेलेल्या, केसाहून फार जाड नसलेल्या दोन तारा दिसतात. बंद पडलेल्या पेट्यांमध्ये सर्वाधिक वेळा तुटते ती हीच तार. बहुधा जॅकवरच्या सोल्डरपाशी, जिथे पन्हळीच्या प्रत्येक हेलकाव्याला ती वाकते.

कवचावर छापलेला सांकेतिक क्रमांक दुरुस्ती करणाऱ्याने सर्वांत आधी लिहून घ्यावा. ट्विन रिव्हर्बच्या पेटीचा नेहमीचा क्रमांक ४एबी३सी१बी. पहिला आकडा पेटीचा नमुना सांगतो: ४ म्हणजे लांब आणि दोन स्प्रिंगांची, ९ म्हणजे तेवढीच लांब पण तीन स्प्रिंगांची, ८ म्हणजे सव्वानऊ इंचांची आखूड. त्यापुढचे अक्षर आत जाणाऱ्या गुंडाळीचा अडथळा सांगते. तो एक किलोहर्ट्झला मोजतात: ए असेल तर ८ ओहम, ई असेल तर ६००, एफ असेल तर १४७५. तिसऱ्या स्थानी परतीची गुंडाळी येते; बी म्हणजे २२५० ओहम. मग घुमण्याची लांबी, १ आखूड ते ३ लांब. पाचव्या स्थानी जॅकचे अर्थिंग, त्यानंतर वाहतुकीच्या वेळी पन्हळ अडकवायची सोय आहे की नाही हे सांगणारा आकडा, आणि अखेरीस पेटी कशी बसवायची: तोंड वर, तोंड खाली, की उभी. दुकानात ‘फेंडरचा टँक’ किंवा ‘पीव्हीचा टँक’ एवढेच मागून आणलेली पेटी चालली तर नशीब. ८ ओहमच्या गुंडाळीला पूर्ण हलवायला सुमारे २८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो, ६०० ओहमवालीला जेमतेम ३.१. ट्रान्झिस्टरच्या अँपमधला छोटा आयसी पहिली पेटी नीट हलवू शकत नाही. उलट ट्विनला ६०० ओहमची पेटी जोडली तर रिव्हर्ब येतो, पण इतका क्षीण की मालकाला व्हॉल्व्ह गेल्याची शंका यावी.

आता सुराची वाट. ट्विनमध्ये व्हायब्रेटो चॅनेलचा सूर टोन आणि व्हॉल्यूमच्या कंट्रोलमधून पुढे आला की त्याचे दोन फाटे होतात. एक थेट पुढे जातो, तो कोरडा. दुसरा ५०० पिकोफॅरडच्या छोट्या कॅपॅसिटरमधून १२एटी७ या ड्रायव्हर व्हॉल्व्हकडे जातो. हा कॅपॅसिटर खर्ज मुद्दामच अडवतो, नाहीतर स्प्रिंगा नुसत्या डुचमळत राहतील. व्हॉल्व्हमागे छोटा ट्रान्सफॉर्मर, मग पेटी. पेटीतून परत आलेला अशक्त सूर १२एएक्स७ व्हॉल्व्हच्या अर्ध्या भागात वाढवला जातो; या टप्प्याला रिकव्हरी म्हणतात. त्यापुढे रिव्हर्बचा कंट्रोल येतो आणि तिथून ओला सूर कोरड्यात मिसळतो. यातून दोन गोष्टी निघतात आणि अनेक तक्रारी तिथेच मिटतात. रिव्हर्बचे बटण स्प्रिंगांना किती सूर द्यायचा ते ठरवत नाही; परत आलेल्यातला किती घ्यायचा तेवढेच ठरवते. चॅनेलचा व्हॉल्यूम फार खाली असेल तर स्प्रिंगांपर्यंतच कमी पोचते. आणि ट्विनच्या नॉर्मल चॅनेलला रिव्हर्ब मुळातच नाही. जुना ट्विन घेतल्यावर गिटार चुकीच्या भोकात लावून ‘रिव्हर्ब मेलाय’ म्हणून दुकानात नेणे, हे जगभर घडत आले आहे.

रिव्हर्ब अजिबात येत नसेल तर पहिली तपासणी पायाच्या स्विचची. फेंडरचा स्विच परतीच्या सुराला अर्थला जोडून गप्प करतो. म्हणजे स्विचची वायर आतून चिकटली असेल तर रिव्हर्ब कायमचा बंद. वायर अँपमधून उपटावी. रिव्हर्ब परत आला तर दोष तिथेच. नाही आला तर रिव्हर्बचे बटण तीन-चारवर ठेवून, चॅनेलचा आवाज बेताचा ठेवून, अँपची एक कड दोन-तीन सेंटीमीटर उचलून हलकेच सोडावी. स्पीकरमधून पत्रे कोसळल्यासारखा खणखणाट आला, तर परतीची सगळी वाट शाबूत आहे: पेटीतली परतीची गुंडाळी, तिची वायर, रिकव्हरीचा व्हॉल्व्ह, कंट्रोल आणि सूर मिसळण्याची जागा. दोष मग ड्रायव्हरच्या बाजूला शोधायचा. खणखणाट आला नाही, तर दोष परतीच्या वाटेवर आहे; तिथे तो सापडेपर्यंत ड्रायव्हरला हात लावू नये. दहा सेकंदांच्या या एका चाचणीने निम्मा अँप संशयातून सुटतो. मीटर काढण्याआधी ही चाचणी न करणाऱ्या कारागिराकडे अँप ठेवून जाण्यापूर्वी थोडा विचार करावा.

परतीची बाजू मुकी असेल तर पेटीवरची ‘आउटपुट’ची वायर काढावी आणि आवाज कमी ठेवून प्लगच्या मधल्या पिनीला बोट लावावे. जोरात घूं आली तर वायरीच्या पुढचे सगळे बरे आहे, संशय पेटीवर. काहीच आले नाही तर वायर बदलून पाहावी. मग अँप बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर, मागून पाहता उजवीकडून चौथा १२एएक्स७ बदलावा. याच व्हॉल्व्हचा दुसरा अर्धा भाग पूर्ण चॅनेलचा सूर वाढवतो. म्हणून ‘चॅनेल तर वाजतोय, मग व्हॉल्व्ह चांगलाच असणार’ हा निष्कर्ष काढू नये. एक अर्धा मेलेला आणि दुसरा जिवंत अशी स्थिती असू शकते.

ड्रायव्हरची बाजू संशयित असेल तर त्याहून सोपी युक्ती आहे, मात्र ती ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपपुरतीच. पेटीच्या ‘इनपुट’ची वायर काढून ती एखाद्या टाकाऊ ८ ओहमच्या स्पीकरला जोडावी आणि गिटार वाजवावी. स्पीकरमधून किरटा, खर्ज नसलेला पण स्पष्ट सूर आला तर ड्रायव्हर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही धडधाकट. सूर आला नाही तर उजवीकडून तिसरा १२एटी७ बदलून पाहावा. या व्हॉल्व्हवर चारशेहून अधिक व्होल्ट असतात आणि तो इतरांपेक्षा लवकर दमतो. घरात पडलेला १२एएक्स७ तिथे खुपसून वेळ भागवता येते, पण त्याला प्रवाह कमी झेपतो आणि रिव्हर्ब पातळ होतो. नव्या व्हॉल्व्हनेही फरक पडला नाही तर चॅसी उघडण्याची वेळ आली, आणि इथून पुढचे काम व्हॉल्व्हचे अँप जाणणाऱ्या माणसाचे. अँप बंद करून प्लग काढला तरी त्यातले मोठे कॅपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून राहू शकतात आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो. जाणकार आधी ते कॅपॅसिटर रिकामे करतो, मग ट्रान्सफॉर्मरची आणि जोडांची तपासणी करतो, आणि लागलेच तर सप्लाय सुरू करून ड्रायव्हरच्या कॅथोडवरचा व्होल्टेज पाहतो. तो आठ-नऊच्या आसपास असावा. शून्य असेल तर व्हॉल्व्हमधून प्रवाहच जात नाही. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली असणे हे त्याचे एक नेहमीचे कारण.

पेटीची तपासणी सुट्या मीटरवर होते. वायरी काढून दोन्ही जॅकमध्ये ओहम मोजावेत. ८ ओहमवाल्या गुंडाळीचा डीसी अडथळा एका ओहमच्या आत-बाहेर दिसतो, त्यामुळे मीटर ‘शॉर्ट’ दाखवतोय असे वाटून चांगली पेटी फेकली जाऊ शकते. ६०० ओहमवाली साधारण ५८ दाखवते, १४७५वाली सुमारे २००, आणि परतीची २२५० ओहमवाली गुंडाळीही सुमारे २००. मीटरवर काहीच उमटले नाही तर तार तुटली. पेटी उलटी करून पाहावी: स्प्रिंग हुकातून निसटली आहे का, चुंबक गाभ्याला टेकला आहे का, बारीक तार जॅकपाशी लोंबते आहे का. निसटलेली स्प्रिंग चिमट्याने बसते. तार तुटली असेल तर तिच्या टोकावरचे लाखेचे आवरण अलगद खरवडून, कमी वॉटच्या आयर्नने, क्षणभरच उष्णता देऊन जोडता येते. जोड देताना तारेला थोडा ढिलेपणा ठेवावा. ताणलेली तार पुढच्या प्रवासात पुन्हा तुटते. गुंडाळीच्या आतच तार गेली असेल तर त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याच क्रमांकाची नवी पेटी आणावी.

पेटीच्या दोन्ही वायरींची अदलाबदल हा दोष किरकोळ वाटतो, पण वारंवार आढळतो. पेटी अँपच्या तळाशी असते, वायरी सारख्याच दिसतात आणि सफाई करताना त्या उलट लागतात. मग रिव्हर्ब अगदी क्षीण येतो किंवा येतच नाही. अनेक जुन्या अँपमध्ये प्लगवर रंगाची खूण असते. ती पुसली गेली असेल तर नवी करून ठेवावी.

क्षीण रिव्हर्बची बाकीची कारणे हळूहळू वाढत गेलेली असतात. ड्रायव्हरच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर कोरडा पडतो. जॅकच्या आतली स्प्रिंग ढिली पडते. मुंबई-गोव्याकडच्या खाऱ्या दमट हवेत पेटीच्या जॅकवर हिरवट थर चढतो, आणि मिलिव्होल्टात बोलणाऱ्या सुराला तेवढा थरही पुरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग चार-पाच वेळा फिरवला की पुष्कळदा भाग न बदलताच रिव्हर्ब परततो.

उलट तक्रारही असते: बटण शून्यावर असूनही रिव्हर्ब ऐकू येतो. कंट्रोलचे अर्थकडचे टोक सुटले असेल तर असे होते. ट्विनमध्ये मात्र दुसरे कारण तपासावे. रिकव्हरी आणि त्याच व्हॉल्व्हमधला पुढचा टप्पा हे दोघे ८२० ओहमचा एकच कॅथोड रेझिस्टर वापरतात. त्यावरचा कॅपॅसिटर चांगला असेपर्यंत एकाचे बोलणे दुसऱ्याला ऐकू जात नाही. तो कोरडा पडला की स्प्रिंगांचा सूर बटणाला वळसा घालून थेट पुढच्या टप्प्यात शिरतो. कंट्रोल दोनदा बदलूनही न गेलेला हा दोष एका छोट्या कॅपॅसिटरने जातो.

ट्रान्झिस्टरच्या पीव्ही पद्धतीच्या अँपमध्ये तर्क तोच, भाग वेगळे. ड्रायव्हर आणि रिकव्हरी दोन्ही कामे ४५५८ जातीचे ऑप-अँप आयसी करतात. दोन्ही बाजूंचा सप्लाय सामान्यतः १५ व्होल्टच्या आसपास असतो. आयसीच्या आउटपुट पिनीवर डीसी शून्याजवळ असावा. तो सप्लायला चिकटलेला दिसला तर आयसी गेला किंवा त्याच्या भोवतीचा एखादा जोड सुटला. या अँपमध्ये भाग जळण्यापेक्षा जोड निसटण्याचे प्रमाण जास्त. पंधरा इंची स्पीकरच्या हादऱ्यांनी कंट्रोल आणि जॅक यांच्या पायांशी सोल्डरचा जोड सुटतो (ड्राय सोल्डर). नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही, भिंगाखाली पायाभोवती काळे कडे दिसते. मागच्या पॅनेलवरचे पॅच जॅकही गुन्हेगार असतात. त्यात काही खुपसलेले नसताना सूर आतल्या पातळ पट्टीच्या स्पर्शातून पुढे जातो. पट्टी काळी पडली की सूर कधी येतो, कधी जातो. साधी वायर दोन जॅकमध्ये लावून स्पर्श टाळला आणि सूर स्थिर झाला, तर दोष सापडला.

घूं आवाजाचे निदान रिव्हर्बच्या बटणापासून सुरू होते. बटण खाली केल्यावर घूं गेली तर ती बटणाच्या आधीची: पेटी, वायर किंवा रिकव्हरी. परतीची वायर पेटीवरून काढून पाहावी. मोकळ्या टोकाने घूं वाढेल, म्हणून प्लगची पिन आणि कवच तात्पुरते एकमेकांना जोडावे. घूं पूर्ण थांबली तर ती पेटीत शिरते आहे. मग पेटी हातात धरून अँपच्या आत पुढे-मागे सरकवावी. परतीची गुंडाळी पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ आली की घूं चढते, दूर गेली की उतरते. पेटी उलटी फिरवून परतीचे टोक लांब केले की काम भागते, मात्र तेवढ्याने वायर अपुरी पडू नये. दुसरे कारण अर्थिंग. पेटीचे कवच एकाच टोकाने अर्थ व्हायला हवे. दोन्ही जॅक कवचाला जोडलेली पेटी चुकीच्या अँपमध्ये गेली तर अर्थचा फेरा तयार होतो. एकही जोडलेला नसेल तर उघडे कवच आसपासची सगळी गुणगुण पकडते. क्रमांकातले पाचवे अक्षर याचसाठी पाहायचे.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा अँप भारतात २३० व्होल्टवर चालवताना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. त्या ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. तो अँपच्या डोक्यावर किंवा पाठीशी ठेवला तर रिव्हर्बमध्ये घूं शिरते; मीटर-दीड मीटर दूर सरकवला की जाते. शिवाय ६० हर्ट्झसाठी बांधलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर इथल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. मागच्या पट्टीवर ५०/६० लिहिलेले आहे का, हे लांबलचक कार्यक्रमाआधी वाचून घ्यावे.

आवाज वाढवला की स्प्रिंगा घुमू लागणे, हा स्टीलवाल्यांचा खास त्रास. पंधरा इंची स्पीकरचा खर्ज लाकडी पेटीतून थेट स्प्रिंगांपर्यंत पोचतो, त्या हलतात, तो हलण्याचा आवाज पुन्हा स्पीकरमधून येतो आणि गुर्र्र असा फेरा सुरू होतो. ट्विनमध्ये रिव्हर्बची पेटी रेक्झिनच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या तुकड्यासह तळाशी ठेवलेली असते. जुन्या अँपमधून हा पुठ्ठा हरवलेला असतो, किंवा कोणीतरी स्क्रू करकचून पिळलेले असतात. पुठ्ठा परत घालावा, स्क्रू पेटी सरकणार नाही एवढेच आवळावेत, खाली मऊ फोम द्यावा. आतली पन्हळ बाहेरच्या कवचाला टेकत नाही ना, हेही पाहावे. चारपैकी एक लटकवणारी स्प्रिंग निसटली तरी सगळा उपाय फुकट जातो. पेटीचे तोंड वर की खाली हे क्रमांकातल्या शेवटच्या अक्षराप्रमाणेच ठेवावे. खर्जाची गुरगुर न येता उंच शीळ येत असेल, तर कारण बहुधा वेगळे: आत जाणारी आणि परतीची वायर एकमेकींना चिकटून धावतात. त्या दूर केल्या की शीळ थांबते. तरीही राहिली तर चौथ्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारून पाहावी. टिचकी स्पीकरमधून खणकन ऐकू आली तर व्हॉल्व्हच बदलायचा.

एक तक्रार मात्र बिघाड म्हणून येते आणि बिघाड नसते. वरच्या तारांवर जोरात नखी मारली की स्प्रिंगांमधून टप असा थेंब पडल्यासारखा आवाज येतो. स्प्रिंगच्या रिव्हर्बचा तो स्वभाव आहे. सर्फ संगीतात तर तो मुद्दाम काढला जातो. स्टीलमध्ये तो नको असेल तर नखीच्या क्षणी व्हॉल्यूम पेडल थोडे मागे ठेवणे हा सर्वांत जुना उपाय. काही वादक अँपचा रिव्हर्ब बंदच ठेवतात आणि पेडलनंतर डिजिटल रिव्हर्बचे छोटे यंत्र जोडतात. ते स्प्रिंगसारखे गुरगुरत नाही, घूं पकडत नाही, आणि खरे बोलायचे तर स्प्रिंगसारखे वाजतही नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी टेबलावर न करता अँप बंदिस्त करून, जमिनीवर ठेवून, कार्यक्रमात लागेल तेवढ्या आवाजात करावी. पाठीची फळी लावल्यावर वायरी दबून पुन्हा जवळ येतात आणि टेबलावर गेलेली शीळ परत येते. आधी व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून रिव्हर्बचे बटण शून्यापासून वरपर्यंत सावकाश फिरवावे आणि घूं व खरखर ऐकावी. मग खर्जाची तार छेडून पेडल पूर्ण उघडावे आणि गुरगुर धरते का पाहावे. शेवटी वरच्या तारांवर लांब सूर धरून तो एकसारखा विरतो की मध्येच तुटतो हे ऐकावे. दोन स्प्रिंगांपैकी एकच काम करत असेल तर इथे कळते: सूर विरत नाही, ठरावीक अंतराने टकटक करत जातो. तसे झाले तर पेटी पुन्हा उघडायची आणि हुक पाहायचे.